स्मार्ट मीटरच्या आधी डीपीचं अर्थिंग

मराठवाड्यात डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळायचा एक हंगाम असतो. हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं, उसाच्या पाळ्या लागल्या, की नोव्हेंबरच्या मध्यापासून कुठल्या ना कुठल्या शिवारातून डीपी उतरवून ट्रॅक्टरवर टाकलेली दिसते. कारण शोधायला यंत्र लागत नाही, गुणाकार आला तरी पुरे. ६३ केव्हीएची डीपी, बाहेर पडणारा दाब ४३३ व्होल्ट, म्हणजे दर फेजला तिची ताकद ८४ अँपिअरची. ५ एचपीची मोटार दाब नीट असेल तर साडेसात अँपिअरच्या आसपास ओढते. अकरा मोटारी बसतात. कागदावर साधारण तेवढ्याच असतात. जागेवर, आकडेवाले (तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेणारे) धरून, वीस निघतात. झाले दीडशे अँपिअर.

त्यात दाब पडतो. मोटारीवरचं पाण्याचं ओझं काही कमी होत नाही, म्हणून दाब ४१५ वरून ३४० वर आला की तीच मोटार नऊच्या वर अँपिअर ओढून काम भागवते. जास्त अँपिअर वाहिले की तारेत दाब आणखी पडतो, की मोटार आणखी ओढते. टोकाच्या आखाड्यावरची (शेतातल्या वस्तीवरची) मोटार नुसती गुरगुरते, पाणी टाकत नाही आणि तिचं वाइंडिंग जळतं.

यावर कडी म्हणजे ऑटो. सप्लाय रात्री दोनला येवो की पहाटे पाचला, उठायला नको म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच बसवलेला असतो. सप्लाय आला त्या सेकंदाला विसच्या वीस मोटारी उठतात, आणि थेट चालू होणारी मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. हिशेबानं नऊशे अँपिअर. प्रत्यक्षात दाबच एवढा कोसळतो की तितका प्रवाह वाहत नाही, पण मग मोटारींना वेग धरायला जास्त सेकंद लागतात आणि तेवढा वेळ डीपी भाजून निघते. अशा वेळी पेटीतला किटकॅट, म्हणजे फ्यूज, उडायला हवा. तो उडत नाही, कारण सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्यात ॲल्युमिनियमच्या जाड तारेचा तुकडा घातलेला असतो. फ्यूजचं काम मग डीपीचं वाइंडिंग करतं.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की स्मार्ट ग्रिडची, म्हणजे मोजून आणि दूरवरून चालवायच्या वीजजाळ्याची, चर्चा आपल्याकडे घराच्या भिंतीवरच्या मीटरपासून सुरू होते आणि तिथंच भांडणात संपते. प्रत्यक्षात जाळं सुधारायला एक क्रम असतो. आधी तार, फ्यूज आणि अर्थिंग. मग मोजमाप, आणि मोजलेलं कुणाच्या नावावर टाकायचं त्याची वही. सगळ्यात शेवटी दूर बसून बटण दाबायची सोय. खालची पायरी पोकळ ठेवून वरची बांधली, तर मीटर कुजलेल्या डीपीची बातमी दर अर्ध्या तासाला अचूक पाठवत राहतं, एवढंच होतं.

तारेचंच बघा. ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या, तारांना प्राण्यांची नावं आहेत. वीझल बारीक, तिच्याहून जाड रॅबिट, मग डॉग. एका किलोमीटरला वीझलचा रोध ०.९१ ओहम, रॅबिटचा ०.५४, डॉगचा ०.२७. समजा दहा किलोमीटरच्या वीझलवरून १०० अँपिअर चाललेत आणि सगळा भार टोकाला आहे. तीन तारांत मिळून २७३ किलोवॅट नुसती उष्णता होते. पॉवर फॅक्टर (वाहणाऱ्या विजेतला खऱ्या कामाचा वाटा) ०.८ धरला तर फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवरून, निघतात १,५२४ किलोवॅट. म्हणजे त्यातला अठरा टक्के वाटेतच गेला, आकडा टाकणाऱ्यानं अजून हातही लावलेला नाही. तिथं डॉग ओढला तर हीच हानी ८१ किलोवॅटवर येते. भार प्रत्यक्षात वाटेत विखुरलेला असतो, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा कमी भरतो, पण प्रमाण तेच. गंमत अशी की तार न बदलताही यातला बराच भाग वाचतो. मोटारीला कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर ०.९५ केला, तर १०० चे ८४ अँपिअर होतात आणि हानी २७३ वरून १९४ किलोवॅटवर येते. ३ एचपीला १ केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), ५ एचपीला २, साडेसात एचपीला ३, एवढाच कपॅसिटर लागतो. तो स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटारीबरोबरच चालू-बंद होतो. सप्लायच्या बाजूला जोडला तर मोटार बंद असतानाही तो लाइनवर राहतो. मोठा घातला की जास्त फायदा, हा गैरसमजही सोडायला हवा. सप्लाय गेल्यावर मोटार फिरत थांबते तेव्हा मोठा कपॅसिटर तिलाच जनरेटर बनवतो आणि टोकांवर जादा दाब चढतो.

अर्थिंगकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ते दिसत नाही. डीपीखाली निदान तीन खड्डे हवेत: विजेच्या कडकडाटातून वाचवणाऱ्या अरेस्टरचा एक, न्यूट्रलचा (प्रवाह परत नेणाऱ्या तारेचा) एक, टाकी आणि लोखंडी सांगाड्याचा एक. प्रत्येकात अडीच मीटरचा, निदान ३८ मिलिमीटर जाडीचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि मोजल्यावर रोध ५ ओहमच्या आत. आपली काळी माती पावसाळ्यात या बाबतीत फार चांगली. एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि तेच अर्थिंग निकामी होतं. खड्ड्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतणं हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण तो चालतो. हीच माती फुगून-आकसून पोलही कलवते. ताणाची तार सैल पडली की दोन पोलांमधला झोळ वाढतो आणि वाऱ्यात तारा एकमेकींवर आपटतात.

न्यूट्रल तुटला किंवा डीपीच्या स्टडवर (तार जोडायच्या बोल्टवर) सैल झाला आणि अर्थिंगही वाळलेलं असलं, तर काय होतं हे गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त नाव ठाऊक नसतं. एका गल्लीत बल्ब मिणमिणतात, दुसऱ्या गल्लीत टीव्ही आणि फ्रिज जळतात. तिन्ही फेजवर भार सारखा नसतो. ज्या फेजवर जास्त घरं तिथला दाब १५० वर येतो, जिथं कमी तिथला ३०० च्या पुढे जातो. इथं मात्र स्मार्ट मीटर खरोखर कामाचं आहे. प्रत्येक मीटर अर्ध्या तासाला दाब नोंदवतं. एकाच डीपीवरच्या दोन फेजचे दाब एकमेकांपासून फाकत चाललेत, हे स्टड पूर्ण सुटायच्या कित्येक दिवस आधी त्या आकड्यांत दिसतं. कुणी ते पाहणारं असेल तर एक पाना आणि दहा मिनिटांचं काम.

आपल्याकडे आधुनिकीकरण एकदम कधीच आलं नाही, थरांनी आलं. ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण वेगळं झालं. त्या काळात विजेची तूट एवढी होती की प्रश्न एकच होता: मोटारी बंद ठेवून गावातले दिवे कसे चालू ठेवायचे? त्यातून सिंगल फेजिंग आलं. रात्री थ्री फेज काढून घ्यायचा, म्हणजे घरात बल्ब लागेल पण मोटार उठणार नाही. शिवारानं त्याला लगेच उत्तर शोधलं. कपॅसिटर लावून एका फेजवरून तिसरा फेज उभा करायचा आणि मोटार चालवायची. सगळा भार एकाच फेजवर पडून तारा वितळू लागल्या. मग गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर उपकेंद्रापासूनच वेगळा काढण्यात आला. यात स्मार्ट म्हणावं असं काही नव्हतं. पोल, तार आणि उपकेंद्रात एक जादा ब्रेकर. तरी मराठवाड्याच्या जाळ्यात झालेला सगळ्यात मोठा बदल मी यालाच म्हणेन, कारण पुढचं सगळं, अगदी दिवसा सौर विजेवर शेती चालवण्यापर्यंत, या वेगळ्या काढलेल्या तारेवर उभं आहे.

दुसरा थर फीडर मीटरचा. उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक ११ केव्ही फीडरवर मीटर आणि मोडेम बसला, गेलेली युनिटं आणि वसूल झालेले पैसे समोरासमोर आले. त्यावरच ए ते जी अशा गटांचं भारनियमन उभं राहिलं: हानी आणि थकबाकी जेवढी जास्त, तेवढे अंधाराचे तास जास्त. आकड्यांवरून निर्णय घ्यायची ही पहिलीच मोठी वेळ. नियमानं बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा भोगावी लागली, कारण मोजमाप फीडरपर्यंतच थांबलं होतं. त्याच्या खाली, डीपीवर आणि घरात काय चाललंय, ते दिसतच नव्हतं.

तिसरा थर आत्ताचा. केंद्राची वितरण सुधारणा योजना २०२१ मध्ये आली, एकूण आराखडा ३,०३,७५८ कोटींचा, देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट. तिचा एक भाग मीटरचा, दुसरा तारा, डीपी, उपकेंद्रं सुधारायचा. महाराष्ट्रात प्रीपेडला जोरात विरोध झाला; २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारनं जाहीर केलं, आणि पुढे लागले ते पोस्टपेड, वेळेनुसार युनिटं मोजणारे मीटर.

आता डीपीवरच्या मीटरकडे येऊ. चोरी कुठं आहे हे शोधायचा हिशेब सरळ आहे: डीपीतून किती युनिटं गेली, वजा तिच्यावरच्या सगळ्या घरांची बेरीज. तो बहुतेक वेळा चुकतो, आणि चुकायची कारणंही ठरलेली आहेत. समजा १०० केव्हीएच्या डीपीला २००/५ चे सीटी (मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करून देणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) आहेत; मीटरचं वाचन ४० नं गुणायचं. कार्यालयातल्या नोंदीत १००/५ पडलं तर गुणक २० होतो आणि निम्मी वीज कागदावरून गायब. तीनपैकी एक सीटी उलटा बसला तर दोन फेजची बेरीज होते आणि तिसरा वजा होतो. भार सारखा असेल तर मीटर फक्त एक तृतीयांश दाखवतं. एका सीटीची वायर सुटली तर दोन तृतीयांश. म्हणून डीपीचं वाचन बरोबर एक तृतीयांश किंवा निम्मं येत असेल तर चोर शोधत गावभर फिरू नये, शिडी लावून पेटी उघडावी. आणि हानी जर उणे आली, म्हणजे घरांची बेरीज डीपीपेक्षा जास्त भरली, तर गुणक चुकलाय किंवा वही चुकलीय.

वही म्हणजे कुठलं घर कुठल्या डीपीवर याची नोंद. सगळ्या व्यवस्थेचा कणा हाच आणि सगळ्यात दुर्लक्षितही हाच. रब्बीत एक डीपी जळते, लाइनमन निम्मी गल्ली शेजारच्या डीपीवर टाकतो, नवी डीपी येते, गल्ली परत येत नाही. नोंद जुनीच राहते. दोन वर्षांत असे चार फेरफार झाले की एका डीपीवर ४० टक्के चोरी आणि दुसरीवर उणे हानी दिसायला लागते, पथक निर्दोष गल्लीत जाऊन केबल तपासतं. दुरुस्तीचा जुना मार्ग म्हणजे उन्हात फिरून एकेक सर्व्हिस वायर पाहणं. नवा मार्ग मीटरच्याच आकड्यांत आहे. एका डीपीच्या एका फेजवरच्या सगळ्या घरांचा दाब एकदमच वर-खाली होतो. गिरणी चालू झाली की सगळ्यांकडे एकाच वेळी दोन-चार व्होल्ट पडतात. ज्या घराचा दाब या सुरात सूर मिळवत नाही, ते त्या डीपीवरचं नाही. महिनाभराची नोंद यासाठी पुरते. अट एकच, सगळ्या मीटरांची घड्याळं जुळलेली हवीत.

घरातल्या मीटरवरून जेवढा धूर निघाला तेवढी आग नाही, पण अगदीच नाही असंही नाही. पेटीच्या आत काय असतं? फेजच्या आणि न्यूट्रलच्या प्रवाहाचे वेगळे मापक, मोजणारी चिप, दूरवरून तोडता-जोडता येणारा रिले, घड्याळ, आणि निरोप पाठवणारा भाग. सप्लाय गेला की ‘गेला’ एवढा एक निरोप पाठवण्यापुरती ऊर्जा साठवणारा छोटा कपॅसिटर. निरोप दोन वाटांनी जातो. मीटर एकमेकांच्या खांद्यावरून रेडिओनं निरोप पुढे सरकवतात, किंवा प्रत्येक मीटर स्वतःच्या सिमनं मोबाइल टॉवर गाठतं. पहिली वाट दाट वस्तीत चांगली. तांड्यावर किंवा विखुरलेल्या आखाड्यांवर दोन मीटरांत अंतर पडलं की साखळी तुटते. दुसऱ्या वाटेला नेटवर्क लागतं. बालाघाटच्या डोंगरातल्या खोलगट वाड्यांमध्ये फोन लागत नाही तिथं मीटर काय बोलणार. ते नोंदी स्वतःजवळ साठवतं आणि जमेल तेव्हा पाठवतं. तोवर बिल सरासरीनं येतं, आणि ‘स्मार्ट’ या शब्दावरचा विश्वास उडतो.

‘मीटर पळतंय’ या तक्रारीमागे तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात. जुनं चकतीचं मीटर चार्जर, टीव्हीचा लाल दिवा असल्या बारीक भारावर हलतच नव्हतं. नवं ते मोजतं. मीटर बदलल्यावरच्या पहिल्या बिलात जुन्याची उरलेली युनिटं आणि नव्याची मिळून येतात, त्यातही आधी सरासरी बिल असेल तर फरक एकदम अंगावर येतो. आणि एक खरी भानगड न्यूट्रलची. एका वाड्यात दोन मीटर, दोघांचे न्यूट्रल बोर्डात एकत्र जोडलेले. फेज एका मीटरमधून जातो, प्रवाह परततो दुसऱ्यातून. नवं मीटर फेज आणि न्यूट्रलपैकी जो प्रवाह मोठा तो धरतं, म्हणून ज्याच्याकडे पंखाही चालू नाही त्याच्या नावावर युनिटं पडतात. यात मीटर बरोबर आहे, वायरिंग चुकलंय. न्यूट्रल वेगळे करा, भांडण मिटतं.

तपासायची रीत सोपी आहे. मेन स्विच पाडा. मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. नाही थांबला तर मीटर आणि स्विचच्या मध्ये गळती आहे, किंवा कुणाचं तरी जोडलेलं आहे. थांबला तर फक्त १,००० वॅटचा हीटर लावा, बाकी सगळं बंद. मीटरवर एका युनिटला किती ठोके ते छापलेलं असतं. समजा ३,२०० असेल, तर मिनिटाला ५३ ठोके पडायला हवेत. पण स्क्रीनवरचा दाबही बघा. २०० व्होल्टच असेल तर तोच हीटर साडेसातशे वॅटच घेतो आणि ठोके ४० च पडतात; मीटर मंद आहे असं समजून खूश होऊ नका. फरक मोठा निघाला तर शेजारी चेक मीटर लावायचा अर्ज करावा आणि दोन्ही मीटर एकाच भारावर काही दिवस चालू द्यावेत. १ जुलै २०२५ पासूनच्या दरात घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत ठेवली गेली. ती अशा वेळ मोजणाऱ्या मीटरवरच मिळते. गिझर, धुलाई यंत्र, टाकीत पाणी चढवणारी मोटार त्या वेळेत गेली तरच तिचा उपयोग. नोकरदार कुटुंबाला संध्याकाळचीच मिक्सर-इस्त्री असते, त्यांच्या बिलात फारसं हलत नाही.

आता दूरच्या बटणाबद्दल. ११ केव्हीच्या उघड्या तारेवरचे बहुतेक दोष क्षणाचे असतात: फांदी टेकली, पक्षी अडकला, वाऱ्यात झोळ भिडला. त्यासाठी ऑटो-रिक्लोजर असतो. लाइन पाडतो, काही सेकंद थांबतो, पुन्हा जोडतो. दोन-तीनदा जमलं नाही की कायमचा उघडा राहतो. लांब फीडरवर तो मध्यावर बसवला तर पुढचा दोष मागच्या गावांना अंधारात टाकत नाही. पण आपल्याकडे झिरो वायरमन नावाचा प्राणी आहे. अधिकृत नाही, तरी गावाची लाइट तोच चालवतो, आणि परमिट (लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी) न घेता तारेला हात घालतो. आपोआप जुळणारा ब्रेकर आणि परमिट न घेता चढलेला माणूस, यांची गाठ पडली तर एकाचाच जीव जातो. लाइनवर काम सुरू असताना रिक्लोजरचं आपोआप जोडणं बंद ठेवणं आणि तिथं पाटी लावणं, ही शिस्त उपकरणाच्या आधी यायला हवी.

त्यामानानं स्वस्त आणि निरुपद्रवी वस्तू म्हणजे दोष दाखवणारा दिवा, जो तारेलाच लटकवतात. दोषाचा प्रवाह त्याच्यातून गेला की तो लुकलुकतो. प्रत्येक फाट्यावर एक असेल तर पावसाळी रात्री लाइनमनला चाळीस किलोमीटर लाइन पालथी घालावी लागत नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यामागं जायचं, न लुकलुकणारा फाटा सोडायचा. याची खोड एकच: काही वर्षांत बॅटरी संपते आणि ती बदलायचं कुणाच्या कामाच्या यादीत नसतं.

तुटून पडलेली तार हा मात्र अजून पूर्ण न सुटलेला प्रश्न. तार ओल्या रानात पडली तर प्रवाह भरपूर जातो, रिले लगेच लाइन पाडतो. कोरड्या मुरमावर, दगडी बांधावर किंवा कडब्याच्या गंजीवर पडली तर पाच-दहा अँपिअरच जातात. रिलेची अर्थ फॉल्टची, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या प्रवाहाची, मर्यादा २०-४० अँपिअरवर ठेवलेली असेल तर त्याला यात वावगं काही दिसत नाही, आणि तार जिवंतच पडून राहते. मर्यादा खाली आणली तर ओल्या झाडाच्या स्पर्शानं, तडकलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरच्या गळतीनं दिवसातून दहा वेळा लाइन जाते आणि वैतागून कुणीतरी ती पुन्हा वाढवून ठेवतं. इथंही मीटरचा आधार होतो: तुटलेल्या जागेपुढच्या सगळ्या डीपींवर एकाच क्षणी दाब कोसळला, मागच्यांवर नीट आहे, एवढी खूण उपकेंद्रातल्या माणसाला फीडर उघडायला पुरेशी आहे. निरोप पोहोचायला मिनिटं लागतात, म्हणून पडलेल्या तारेपासून लांब राहा हे शाळेतल्या पोरांना सांगणं काही सुटत नाही.

वरच्या टोकाला, म्हणजे पारेषणात, हुशारी बरीच आधी आली. राज्याचा भार ऐरोलीच्या केंद्रातून सांभाळला जातो. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ तुकडे, प्रत्येकाचं आदल्या दिवशी ठरलेलं वेळापत्रक, आणि ५० हर्ट्झची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची कसरत. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेचं जाळं कोसळलं तेव्हा आपला पश्चिम विभाग टिकून राहिला. आपल्या शेजारच्या सोलापूरला रायचूरहून आलेली ७६५ केव्हीची लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला जोडली गेली आणि दक्षिण भारतही एकाच वारंवारतेवर आला. या सगळ्याची गावाला जाणीव होते ती एकाच प्रकारे. वारंवारता ४९.४ हर्ट्झला आली की पहिल्या टप्प्याचे रिले ठरलेले फीडर आपोआप तोडतात; पुढचे टप्पे ४९.२, ४९.० आणि ४८.८ चे. गावातली लाइट तेव्हा दूरच्या राज्यातलं वीजकेंद्र पडलं म्हणून जाते, आणि शिव्या लाइनमनला बसतात.

सौर ऊर्जेनं हे चित्र खालून फिरवलंय. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. पॅनेल धुवायला लागतं तेवढंच पाणी सौर प्रकल्पाला पुरतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला झाला, ३ मेगावॅटचा. मेगावॅटला चार-पाच एकर जमीन आणि वर्षाला साधारण १५-१६ लाख युनिटं, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही. वीज जवळच्या उपकेंद्रात ११ केव्हीवर जाते आणि तिथून शेतीच्या फीडरला, म्हणजे वाटेतली हानी वाचते.

लोकांना एक गोष्ट मात्र कळत नाही: ऊन लख्ख असताना सौर फीडरची लाइट जाते कशी? तिथला इन्व्हर्टर (पॅनेलची वीज तारेत सोडणारं यंत्र) स्वतःचा ताल धरत नाही, ग्रिडच्या तालावर चालतो. दाब ८० टक्क्यांच्या खाली किंवा ११० टक्क्यांच्या वर गेला, की दोन सेकंदांत तो बाजूला होतो. मेलेल्या तारेत त्यानं वीज सोडली तर वर चढलेला लाइनमन मरेल. सप्लाय परत आल्यावरही निदान ६० सेकंद सगळं स्थिर आहे हे बघून मगच तो जोडला जातो. त्यामुळे दिवसात दहा वेळा पडणाऱ्या फीडरवर सौर प्रकल्प कागदावरच्या युनिटांपेक्षा बराच कमी देतो. फांद्या छाटणं हे तिथं पॅनेल वाढवण्यापेक्षा फायद्याचं.

छतावरच्या सौर संचांचा त्रास उलट्या दिशेचा. रब्बीत टोकाच्या मोटारी उठाव्यात म्हणून उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरचा दाब वाढवणारा टॅप चढवून ठेवतात. मार्चमध्ये मोटारी थांबतात, टॅप तसाच राहतो, आणि दुपारी छतांवरून वीज उलटी यायला लागते. २३० चे २५३ व्होल्ट झाले की इन्व्हर्टर बंद पडायला सुरुवात होते, अगदी ऐन दुपारी, आणि मालक विक्रेत्याला फोन करत बसतो. आधी इन्व्हर्टरच्या नोंदीत ‘जादा दाब’ असं दिसतंय का ते बघावं, मीटरच्या स्क्रीनवरचा दुपारचा आकडा लिहून घ्यावा, आणि तो घेऊन उपकेंद्रात जावं. शाखा अभियंत्याला व्होल्टचे आकडे दाखवले की काम होतं, ‘सोलर चालत नाही’ एवढं म्हटल्यानं होत नाही.

संध्याकाळचा प्रश्न उरतोच. सूर्य मावळल्यावर घरांचा भार चढतो आणि पॅनेल शून्यावर. साठवणुकीची कल्पना आपल्याला नवी नाही. पैठणला जायकवाडीवर १२ मेगावॅटचा, दोन्ही दिशांनी चालणारा संच आहे, वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि कमी पडेल तेव्हा तेच खाली सोडायचं या तत्त्वावरचा. आता तेच काम बॅटरीला सांगितलं जातंय.

पण शेतीपुरता पुढचा घोळ दिवसाच होणार आहे. आजवर निम्मे फीडर दिवसा आणि निम्मे रात्री चालायचे, पाळी बदलायची. सगळी शेती दिवसावर आणली की ३३/११ केव्ही उपकेंद्रातल्या त्याच ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही पाळ्यांचा भार एकदम येतो. ट्रान्सफॉर्मर वाढवणं हा एक उपाय. दूरवरून चालणारे ब्रेकर असतील तर फीडर पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं चालू करणं हा दुसरा. डीपीवरचा उपाय त्याहून स्वस्त आहे. ऑटोस्विच काढायला कुणी तयार होत नसेल, तर निदान स्टार्टरमध्ये उशिरानं चालू करणारा टायमर बसवावा आणि प्रत्येकाची वेळ वेगळी लावावी: डीपीजवळच्या पहिल्या मोटारीला ३० सेकंद, दुसरीला एक मिनिट, तिसरीला दीड. ६३ केव्हीएवर अकरा मोटारी असतील तर शेवटची साडेपाच मिनिटांनी उठते.